कोकणातल्या नव्या कलावंतांनी वय, चेहरा आणि मन कसे सांभाळावे

कार्तिक लागला की सिंधुदुर्गातल्या देवळांच्या जत्रा सुरू होतात आणि दशावताराच्या नाटक कंपन्या वेश-साहित्याचा पेटारा घेऊन गावोगाव फिरू लागतात. त्याच सुमारास रत्नागिरी केंद्रावर राज्य नाट्य स्पर्धेच्या तालमींना जोर येतो, आणि रात्रीच्या कोकणकन्येने मुंबईला मालिकेच्या ऑडिशनसाठी निघालेली दोन-चार मुले कुडाळ-कणकवलीच्या फलाटावर हमखास दिसतात. या तिन्ही वाटांवर नव्याने उतरलेल्या मुलामुलींसाठी हा लेख आहे. शब्द कसा टाकावा, पदन्यास कसा घ्यावा हे शिकवणारी माणसे तुम्हाला भेटतील. परंतु तिशी-पस्तिशीत चेहरा बदलू लागतो, एखादी भूमिका हातातून निसटते आणि मन आतून खचते, तेव्हा काय करावे हे सहसा कोणी सांगत नाही.

मी स्वतः १९ वर्षे दशावतारात स्त्रीपार्टी, म्हणजे पुरुष नटाने करायची स्त्रीभूमिका, केली आणि आता ऋषी, वृद्ध राजा अशा भूमिका करतो. माझी स्त्रीपार्टी गेल्याचे मला कोणी सांगितले नव्हते. जत्रेच्या हॅंडबिलावर माझ्या जागी दुसऱ्याचे नाव वाचून ते कळले. त्या वेळी मला ३७ वे वर्ष लागले होते आणि पुढचे जवळजवळ वर्षभर मी कोणाशी धड बोललो नाही. हे टाळता आले असते असे मला आज ठामपणे वाटते, म्हणून काय करावे ते क्रमाने लिहितो.

पहिली पायरी: चेहऱ्याची नोंदवही करा

कामाला लागल्यावर पहिल्याच महिन्यात एक साधी वही घ्या. सकाळच्या वेळी खिडकीशी बसून, रंग न लावता आणि फोनमधला कोणताही फिल्टर न वापरता, समोरून आणि दोन्ही बाजूंनी असे चेहऱ्याचे तीन फोटो काढा. दर सहा महिन्यांनी, म्हणजे जत्रा सुरू होण्यापूर्वी एकदा आणि मृगाआधी पेटारा बंद झाल्यावर एकदा, असेच फोटो पुन्हा काढावेत. वहीत वजन, केसांची स्थिती, दातांच्या तक्रारी, आवाज कोणत्या पट्टीपर्यंत सहज जातो हे लिहावे आणि त्यासोबत आपले ‘दिसण्याचे वय’ लिहावे.

दिसण्याचे वय म्हणजे जन्मतारखेवरून निघणारे वय नव्हे. तुमच्या नात्यात नसलेल्या पाच माणसांना फोटो दाखवा, ‘हा माणूस किती वर्षांचा वाटतो’ एवढेच विचारा आणि सर्वांत कमी व सर्वांत जास्त आकडा टिपून ठेवा. २४ ते ३२ असे उत्तर आले, तर त्या पट्ट्यातल्या भूमिका आज तुमच्या आहेत आणि त्याच्या वरच्या टोकाकडच्या भूमिकांची तयारी आजपासून करायची आहे. आमच्या कंपनीत पायपेटीवर बसणारे एक जुने बुवा मला नेहमी सांगत, “आरशाक इचारू नको, लोकांका इचार.” रंगपटातल्या उघड्या बल्बखालचा आरसा डोळ्यांखालच्या सावल्या असतात त्याहून गडद दाखवतो, आणि पहाटे चार वाजता तिथे स्वतःकडे पाहून काढलेला कोणताही निष्कर्ष धरून ठेवण्यालायक नसतो.

दुसरी पायरी: रंग लावण्याची आणि उतरवण्याची शिस्त

याविषयी मी थोडे विस्ताराने लिहितो, कारण त्वचेची सर्वांत जास्त हानी अज्ञानातून आणि घाईतून होते.

कोणताही नवा रंग, गोंद किंवा केसांचा कलप चेहऱ्यावर वा डोक्यावर थेट लावू नका. कोपराच्या आतल्या बाजूला थोडासा लावून ४८ तास वाट पाहा. खाज, लाली किंवा फोड आले तर ती वस्तू तुमच्यासाठी नाही. काळ्या कलपात आणि झटपट रंगणाऱ्या काळ्या मेंदीत पीपीडी नावाचे रसायन बहुधा असते. त्याची तीव्र अॅलर्जी काहींना आयुष्यात एकदा झाली की कायमची राहते, त्यामुळे पस्तिशीत केस पिकू लागल्यावर प्रयोगाच्या आदल्या दिवशी घाईने कलप करणे धोक्याचे आहे. जुन्या पेटीत हिंगूळ किंवा मुर्दाडशिंग सापडले तर ते वापरू नका, त्यांपैकी पहिला पाऱ्याचा आणि दुसरा शिशाचा पदार्थ आहे. चांगल्या कंपनीचा, घटक छापलेला रंग महाग पडतो हे खरे, परंतु हा खर्च तुमच्या व्यवसायाच्या साधनावरचा आहे.

काजळाची डबी, मिशी उतरवण्याचा वस्तरा आणि तोंड पुसण्याचा पंचा प्रत्येकाचा स्वतंत्र असावा. एकाचे डोळे आले की आठवड्याभरात साऱ्या कंपनीचे येतात, हे मी दोन हंगामांत पाहिले आहे. टोप आणि अंगरखे घामाने भिजतात आणि आपल्या दमट हवेत ते आपोआप सुकत नाहीत. ते तसेच पेटाऱ्यात घातले तर गजकर्ण, खाज आणि कोंडा ठरलेला, म्हणून दुसऱ्या दिवशी मुक्कामी पोहोचल्यावर जेवणाआधी ते वाऱ्यावर टाकावेत. टोपाखाली सुती कापडाची टोपी घालण्याची सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्या.

रंग उतरवताना खोबरेल तेल वापरण्याची आपली रीत चांगली आहे, मात्र तेल लावून पुसणे म्हणजे अर्धेच काम. त्यानंतर सौम्य साबणाने किंवा फेसवॉशने तोंड धुवून तेल पूर्ण काढावे, नाही तर रोमछिद्रे बुजून पुटकुळ्या येतात. ज्यांना मुळातच पुटकुळ्या येतात त्यांनी तेलाऐवजी औषधांच्या दुकानात मिळणारे क्लिन्झर वापरावे. रंग न उतरवता टेम्पोत झोपून जाण्याचा मोह प्रत्येकाला होतो. त्या रात्री कितीही थकवा असला तरी ही दहा मिनिटे काढाच.

दिवसा उन्हात असाल तेव्हा एसपीएफ ३० किंवा त्याहून अधिक असलेले सनस्क्रीन लावा आणि घाम येत असेल तर दर दोन तासांनी पुन्हा लावा. चेहऱ्यावर अकाली येणाऱ्या सुरकुत्या आणि डाग यांचे मोठे कारण ऊन आहे, आणि समुद्रकाठी वाळूवरून व पाण्यावरून परतणारे ऊनही त्यात भर घालते. किनाऱ्यावर चित्रीकरण असेल तर दिग्दर्शक सावलीची सोय करील अशी वाट न पाहता स्वतःची छत्री सोबत ठेवावी.

आता गोऱ्या होण्याच्या क्रीमविषयी. नव्या मुलांना कोणीतरी ‘आठ दिवसांत चेहरा उजळतो’ म्हणून एक ट्यूब देतो आणि तो खरोखर उजळतो. अशा कित्येक ट्यूबांत बीटामेथासोन, क्लोबेटासोल किंवा मोमेटासोन यांसारखे स्टेरॉइड असते. काही महिन्यांत त्वचा पातळ होते, लालसर रेषा दिसू लागतात, चेहऱ्यावर नको तिथे केस येतात आणि क्रीम थांबवले की चेहरा भडकतो. मी स्वतः २८ व्या वर्षी एका ओळखीच्या दुकानदाराच्या सांगण्यावरून अशी ट्यूब सात महिने लावली आणि त्यानंतरचे दीड वर्ष त्वचारोगतज्ज्ञाकडे हेलपाटे घालण्यात गेले. ज्या डबीवर उत्पादकाचे नाव, बॅच क्रमांक आणि घटक छापलेले नाहीत ती हातात घेऊ नका. अशा काही क्रीममध्ये पारा सापडलेला आहे आणि पारा मूत्रपिंडावर परिणाम करतो. सावळा चेहरा रंगमंचावर प्रकाशयोजनेने आणि रंगाने हवा तसा दाखवता येतो, तेव्हा त्वचेचा मूळ रंग बदलण्याची कोणतीही व्यावसायिक गरज नाही.

तिसरी पायरी: झोप, आवाज आणि अन्न

जत्रेतले नाटक पालखी देवळात परतल्यावर मध्यरात्रीच्या सुमारास उभे राहते आणि पहाटेपर्यंत चालते. असे महिनोन्महिने चालल्यावर तुटलेली झोप चेहऱ्यावर दिसतेच, आणि त्याआधी ती स्वभावात दिसते. माणूस चिडतो, रडवेला होतो, क्षुल्लक बोलणे मनाला लावून घेतो. म्हणून हंगामात दिवसाची झोप ही कामाचा भाग समजून ठरवून घ्यावी. मुक्कामाच्या घरी अंधारी खोली मागून घ्या, डोळ्यांवर पंचा बांधा, फोन दुसऱ्याकडे द्या आणि २४ तासांत एकूण सात तास तरी पदरी पडतील असे पाहा. पहाटेच्या परतीला चालकही जागलेला असतो, त्यामुळे दोघांनी आलटून पालटून त्याच्याशी बोलत राहावे.

स्त्रीपार्टी करणाऱ्याने आवाज ओढून उंच नेऊ नये. तीन आठवड्यांहून अधिक घसा बसलेला राहिला तर कान-नाक-घसा तज्ज्ञाला दाखवावे. मध्यरात्री प्रयोगाआधी पोटभर भात-कालवण जेवले की जडपणा येतो, म्हणून अर्धे जेवण आधी आणि पेज नंतर, अशी जुन्या लोकांची पद्धत होती आणि ती मला आजही सर्वांत सोयीची वाटते.

चौथी पायरी: चेहऱ्याविषयी कोणाचे बोलणे ऐकायचे ते ठरवा

आपल्या व्यवसायात दिसण्यावर रोज कोणी ना कोणी बोलतेच. त्यातले काही बोलणे कामाचे असते. “राणी रडते तेव्हा तुझी हनुवटी वर जाते, ती खाली ठेव,” ही सूचना आहे. तिच्यावर काम करता येते. “तुझा तोंड आता राणीचा नाय रे रवला,” हा टोमणा आहे आणि त्यावर काही करता येत नाही. दिवसभरात ऐकलेली वाक्ये रात्री आठवून या दोन खणांत टाकण्याचा सराव करा, आणि दुसऱ्या खणातल्या वाक्यावर त्याच रात्री कोणताही निर्णय घेऊ नका.

स्त्रीपार्टी करणाऱ्या मुलांना एक वेगळा ताण असतो. हंगामभर भुवया कोरलेल्या आणि मिशी उतरवलेली असते. त्याच चेहऱ्याने दिवसा बाजारात, ग्रामपंचायतीत, सोयरिकीच्या बैठकीत बसावे लागते आणि लोक हसतात. घरच्यांना, विशेषतः वडीलधाऱ्यांना, हंगाम सुरू होण्याआधी नीट बसवून सांगा की भुवया हा नांगराच्या फाळासारखा कामाचा भाग आहे, हंगाम संपल्यावर त्या पुन्हा वाढतात. एकदा घरातून पाठबळ मिळाले की बाजारातले हसू फारसे लागत नाही. माझ्या आईने एकदा तिठ्यावर चारचौघांत एका माणसाला खडसावले होते आणि त्यानंतर त्या गावात मला कोणी काही बोलले नाही.

मुलींची गोष्ट याहून कठीण आहे, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. पुरुष नट पंचेचाळिशीतही नायक राहतो आणि त्याच्याच वयाच्या, किंवा त्याहून लहान, नटीला त्याच्या आईची भूमिका विचारली जाते. सुलोचनाबाई लाटकर यांनी तिशीच्या आसपासच हिंदी चित्रपटांत नायकाच्या आईच्या भूमिका करायला सुरुवात केली होती, आणि त्यांतले काही नायक त्यांच्याहून जेमतेम काही वर्षांनीच लहान होते. त्यांनी त्या भूमिकांना जी प्रतिष्ठा मिळवून दिली ती मोठीच आहे, तरीही प्रत्येक मुलीने ते निमूट स्वीकारावे असा त्याचा अर्थ होत नाही. आईची भूमिका कोणत्या वयापासून घ्यायची, भूमिकेला स्वतःचा प्रवेश आणि स्वतःचा प्रश्न असला पाहिजे की नाही, वजन कमी करण्याची अट कुठपर्यंत मान्य करायची, याची उत्तरे विचारणा येण्यापूर्वीच वहीत लिहून ठेवा. समोर माणूस बसलेला असताना आणि पैशांची गरज असताना हे ठरवणे फार जड जाते. ऑडिशनसाठी आधी पैसे मागणारा, किंवा ‘चेहऱ्यावर अमुक उपचार करून या, मग काम देतो’ असे सांगणारा माणूस विश्वासाचा नाही, हेही ध्यानात ठेवा.

ऑडिशनमध्ये नकार आला तर तो आपल्या चेहऱ्याला आला असे नव्या माणसाला वाटते. प्रत्यक्षात समोरच्या नायिकेची उंची, आधीच ठरलेल्या भावाच्या चेहऱ्याशी साम्य, तारखा अशी अनेक कारणे त्यामागे असतात आणि ती तुम्हाला सांगितली जात नाहीत. परतीच्या गाडीत बसल्यावर ऑडिशनची तारीख, भूमिका आणि आपण स्वतः काय चांगले केले याच्या तीन ओळी लिहा. पनवेल सुटेपर्यंत हे काम संपवून वही मिटा. नाटकाच्या चित्रफितीखाली लोक काय लिहितात ते प्रयोगाच्या रात्री वाचू नये. वाचायचेच असेल तर दुपारी, सोबत कोणी असताना वाचावे.

पाचवी पायरी: आजची पार्टी हातात असतानाच पुढची शिका

मला सर्वांत कळकळीने सांगायचे आहे ते हेच. माझी चूक अशी झाली की १९ वर्षे मी राणीच राहिलो. शेजारी उभा असलेला राजा काय करतो, ऋषी शाप देताना श्वास कुठे घेतो, संकासुर हा विनोदी असुर प्रेक्षकांना कसा खेळवतो, याकडे मी लक्षच दिले नाही. दशावतारात संहिता हातात मिळत नाही. कथानक सांगितले जाते आणि संवाद उभ्याउभ्या रचावे लागतात. त्यामुळे ज्याने पुराणे ऐकली-वाचली आहेत आणि सर्व पार्ट्यांची भाषा कानात साठवली आहे, त्याच्या वयाला या कलेत मोल आहे. वय वाढले की तोंडात शब्द वाढतात, आणि कमावलेला ऋषी कंपनीला सहजासहजी मिळत नाही.

म्हणून पहिल्या वर्षीच आडदशावतार, म्हणजे मुख्य आख्यानाआधीचा पारंपरिक भाग, पूर्ण शिका. तिसऱ्या वर्षापर्यंत आपल्या पार्टीखेरीज आणखी एक पार्टी उभी करता आली पाहिजे, आणि त्यासाठी एखाद्या आडगावच्या लहान जत्रेत नाईकांकडे, म्हणजे कंपनीच्या सूत्रधाराकडे, ती मागून घ्यावी. पंचविशीत म्हातारा करून पाहिला तर चाळिशीत म्हातारा मिळाल्याचा धक्का बसत नाही. शहरी रंगभूमीकडे जाणाऱ्यांनीही असेच करावे. डॉ. श्रीराम लागू कान-नाक-घशाचे शल्यविशारद होते आणि त्यांनी १९६९ साली, वयाच्या ४२ व्या वर्षी, पूर्ण वेळ व्यावसायिक रंगभूमी पत्करली. म्हणजे ज्या वयात पुष्कळजण आपले संपले असे मानतात, त्या वयात त्यांची व्यावसायिक कारकीर्द सुरू झाली.

भूमिका सोडण्याची वेळ आपण स्वतः निवडावी. ‘पुढचा हंगाम माझा स्त्रीपार्टीचा शेवटचा, त्यानंतर मला राजपार्टी द्या’ असे मालकांना एक वर्ष आधी सांगितले, तर नव्या मुलाला शिकवण्याचे काम आपल्याकडेच येते. माझ्या जागी आलेल्या मुलाला मी पुढे नेसायला आणि चालायला शिकवले. ते करायला लागल्यावरच माझ्या मनातला सल कमी झाला.

सहावी पायरी: पैसा आणि कागद

मनाच्या पुष्कळ तक्रारींचे मूळ पावसाळ्यातल्या रिकाम्या खिशात असते. जून ते ऑक्टोबर नाईट, म्हणजे रात्रीचा प्रयोग, नसते. मालिकेत काम केले तर पैसे हाती पडायला बहुधा ९० दिवस लागतात. नाईटच्या पैशांतला एक ठरलेला भाग हंगामातच पोस्टात किंवा बॅंकेत बाजूला टाका, आणि शेती, शिवण, वायरिंग, जे येत असेल ते एक काम टिकवून ठेवा.

हॅंडबिले, वर्तमानपत्रांतली कात्रणे, प्रमाणपत्रे आणि मंडळांची पत्रे पहिल्या प्रयोगापासून फाइलला लावा. राज्य शासनाच्या राजर्षी शाहू महाराज यांच्या नावाच्या ज्येष्ठ साहित्यिक व कलावंत मानधन योजनेत पात्र कलावंतांना दरमहा ५,००० रुपये मिळतात, आणि वयाच्या पन्नाशीनंतर अर्ज करताना कलाक्षेत्रातल्या अनेक वर्षांच्या कामाचा पुरावा जोडावा लागतो. कागद नसल्यामुळे अडलेले म्हातारे कलावंत मी पाहिले आहेत, आणि विशीतल्या मुलाने ही फाइल करण्यात हसण्यासारखे काही नाही.

सातवी पायरी: मन जड झाले तर

प्रयोग पडला, भूमिका गेली, कोणी बोलले, तर आठवडाभर वाईट वाटणे स्वाभाविक आहे. परंतु दोन आठवड्यांहून अधिक काळ उदास वाटत राहिले, झोप किंवा भूक बिघडली, रंग लावायला बसणे नकोसे झाले, स्वतःचा चेहरा पाहणे टाळावेसे वाटू लागले किंवा दिवसातून वीस-वीस वेळा आरशात तोच एक दोष दिसू लागला, तर ते दुखणे समजून उपचार घ्यावेत. प्रयोगानंतर झोप येण्यासाठी रोज दारू लागू लागली, तर तीही याच यादीत धरा. दारूने डोळा लागतो पण झोप तुटते आणि उदासी वाढते.

टेलिमानस या शासकीय सेवेचा क्रमांक १४४१६ आहे. ती विनामूल्य आहे, चोवीस तास चालते आणि मराठीत बोलता येते. पहाटे प्रयोग संपल्यावरही फोन उचलला जातो, हे आपल्यासारख्या रात्री जागणाऱ्यांसाठी सोयीचे आहे. काय बोलावे सुचत नसेल तर एवढेच सांगा: “मी नाटकात काम करतो, पंधरा दिवस झोप नाही, कामात मन लागत नाही.” पुढचे प्रश्न ते विचारतात. प्रत्यक्ष डॉक्टरांना भेटायचे असेल तर जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभागाची चौकशी करावी. रत्नागिरीला शासनाचे प्रादेशिक मनोरुग्णालय आहे आणि तिथे बाह्यरुग्ण म्हणून तपासून घेऊन त्याच दिवशी घरी परतता येते. त्या इमारतीच्या नावाची आपल्याकडे जी भीती आहे तिच्यापायी माझ्या एका सहकाऱ्याने दोन वर्षे उगाच त्रास काढला. देवापुढे गाऱ्हाणे घालावे, मीही घालतो. मात्र डॉक्टरांनी दिलेली गोळी त्यांना विचारल्याशिवाय बंद करू नये.

जीव नकोसा झाल्याचे कोणी बोलून दाखवले, तर ते नाटकी बोलणे समजून सोडून देऊ नका. त्या माणसाला एकटे ठेवू नका, वस्तरा, औषधे आणि दोर त्याच्या हाताशी राहू देऊ नका, आणि त्याच्याजवळ बसूनच १४४१६ लावा. जीवाला तत्काळ धोका दिसत असेल तर १०८ ची रुग्णवाहिका बोलवा. त्या रात्रीची त्याची पार्टी दुसऱ्या कोणी करावी, आणि सकाळी त्याला घरी सोडायला कंपनीतल्या दोघांनी सोबत जावे.